‘चुकून झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

तळजाईची फेरी झाली की पायथ्याच्या टपरीवर चहा आणि क्रीमरोल, हा आमच्या रविवारच्या मंडळाचा नेम. व्यायामाचं सगळं पुण्य तिथंच खर्ची पडतं. मंडळात तोफखान्यातून निवृत्त झालेले एक कर्नलसाहेब आहेत, बँकेतून बाहेर पडलेले भाऊसाहेब आहेत, आणि कधीमधी माझी भाची येते, ती कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा वाद पेटला तो युद्धात एका रुग्णालयावर पडलेल्या बॉम्बवरून. कोणतं युद्ध, ते मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा लगेच आपापल्या बाजूला जाऊन बसतो आणि मग समजावण्यासारखं काही उरत नाही.

कर्नलसाहेब म्हणाले, “लढाईत सुक्याबरोबर ओलंही जळतं, वकीलबाई. मुद्दाम कुणी करत नाही.”

भाऊसाहेब उसळले. “एवढा मोठा दवाखाना दिसत नाही होय वरून? सरळ खून आहे हा.”

मग दोघंही माझ्याकडे वळले. अपघात की गुन्हा, एका शब्दात सांगा म्हणाले. एका शब्दात सांगता आलं असतं तर माझी उभी हयात शिवाजीनगर कोर्टात मोटार अपघाताचे दावे चालवण्यात गेली नसती.

या धंद्यात एक गोष्ट फार लवकर कळते. ‘अपघात’ हा शब्द काहीही सांगत नाही. पंचनाम्यावर अपघात, दाव्याच्या डोक्यावर अपघात, वर्तमानपत्रात अपघात. आणि आतली फिर्याद उघडली की पोलिसांचं ठरलेलं वाक्य: आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवले. म्हणजे नाव अपघाताचं आणि गोष्ट कुणाच्या तरी चुकीची. मला या वाक्यातला शेवटचा तुकडा सगळ्यात जास्त आवडतो. रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून. पुढं तो पुन्हा लागणार आहे.

आपल्याकडचा फौजदारी कायदा माणूस मारला जाण्याच्या घटनेची एक उतरंड मांडतो. तळाशी खराखुरा अपघात. भारतीय न्याय संहितेचं कलम १८ त्याला माफी देतं, पण अटी बघा: काम कायदेशीर हवं, ते कायदेशीर रीतीनं केलेलं हवं, आणि पुरेशी काळजी घेऊन केलेलं हवं. काळजी घेतली नसेल तर तो कायद्याच्या लेखी अपघातच नाही. त्याच्या वर हयगय, कलम १०६. त्याच्या वर सदोष मनुष्यवध: मारायचंच होतं असं नाही, पण आपण करतोय त्यानं माणूस मरेल हे ठाऊक होतं. आणि सगळ्यात वर खून. मेलेल्या माणसाच्या दृष्टीनं चारही सारखेच. फरक आहे तो मारणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी काय होतं याचा.

आता डोक्यात काय होतं ते कोर्टाला कसं कळतं? २५ जानेवारी २०१२ ची सकाळ पुणेकर विसरलेले नाहीत. स्वारगेट आगारातून एका चालकानं एसटी बाहेर काढली आणि भर रस्त्यांवर समोर येईल त्याला उडवत नेली. नऊ माणसं गेली. नुसते मृतदेह आणि चेपलेल्या गाड्या बघितल्या असत्या तर कुणीही म्हटलं असतं, ब्रेक निकामी झाले असणार. पण गाडी एकदा धडकून थांबली नव्हती. ती वळत होती, पुढं जात होती, पुन्हा धडकत होती. मनोरुग्ण असल्याचा बचाव झाला, तो टिकला नाही. फाशी झाली, ती २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेपेवर आणली, पण गुन्हा खुनाचाच राहिला. मनातला हेतू कुणी पाहिलेला नसतो, तो वागण्यावरून वाचावा लागतो. किती वेळा केलं, थांबायची संधी होती तेव्हा थांबला का, नंतर काय सांगितलं.

हे सगळं मी टपरीवर सांगितलं तेव्हा कर्नलसाहेब रास्त बोलले. “वकीलबाई, तुमचा ड्रायव्हर कुणालाच मारायला निघालेला नसतो. आम्ही मारायलाच निघालेलो असतो.”

युद्धाच्या कायद्याची सगळी गुंतागुंत याच वाक्यात आहे. शांततेच्या काळात माणूस मारणं हाच गुन्हा, मग अपवाद शोधायचे. युद्धात शत्रूचा सैनिक मारणं गुन्हाच नाही. म्हणून तिथला कायदा पहिला प्रश्न वेगळा विचारतो: नेम कशावर धरला होता? १९४९ चे चार जिनिव्हा करार आणि त्यांना १९७७ मध्ये जोडलेले पुरवणी करार यांचा गाभा तीन गोष्टींत येतो. सैनिक आणि नागरिक यांत फरक करा, फक्त सैनिकी लक्ष्यावर मारा करा. लक्ष्य सैनिकी असलं तरी आजूबाजूच्या नागरिकांचं होणारं नुकसान त्यातून मिळणाऱ्या लष्करी फायद्याच्या मानानं अवाजवी नको. आणि मारा करण्याआधी शक्य ती सगळी खबरदारी घ्या. भारतानं जिनिव्हा करार स्वीकारले आहेत, त्यासाठी १९६० चा स्वतंत्र कायदाही आहे. १९७७ च्या पुरवणी करारांवर आपली सही नाही, पण हे तीन नियम रूढीनं सगळ्याच देशांवर बंधनकारक मानले जातात.

पहिला नियम समजायला सोपा आहे. गावात शिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना ओळीनं उभं करून गोळ्या घातल्या, तर तिथं वजनकाटा काढायची गरजच नाही.

दुसरा नियम मात्र लोकांना फार चुकीचा कळतो. भाऊसाहेबांना वाटतं, नागरिक मेले म्हणजे गुन्हा. कायदा तसं म्हणत नाही, आणि ऐकायला क्रूर वाटलं तरी हे मान्य करूनच पुढं जावं लागतं. दुसरीकडे कर्नलसाहेबांचं सुकं-ओलंही अर्धंच खरं आहे. कल्पना करा, लक्ष्मी रस्त्यावरच्या एका इमारतीच्या तळघरात शत्रूचं संदेशकेंद्र आहे. ते सैनिकी लक्ष्य आहे, वाद नाही. आता ते दिवाळीच्या आदल्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता उडवायचं की मंगळवारी पहाटे तीन वाजता? शेजारच्या चार वाड्यांसकट जमीनदोस्त करणारा बॉम्ब टाकायचा की एकच मजला निकामी करणारा? केंद्र तिथं महिनाभर राहणार आहे की तासाभरात हलणार आहे? उत्तरं बदलली की तोच हल्ला कायदेशीरचा बेकायदेशीर होतो. ओलं जळणारच, हे खरं. किती जळेल याचा अंदाज काडी ओढायच्या आधी घ्यायचा असतो, आणि तो अंदाज तेव्हा हातात असलेल्या माहितीवर तपासला जातो. नंतर मोजलेल्या मृतदेहांवर नाही. त्यामुळं कधी पन्नास माणसं मरूनही गुन्हा होत नाही, आणि कधी नशिबानं कुणीच न मरता हल्ला बेकायदेशीर असू शकतो.

“आणि त्यांनी मुद्दाम दवाखान्यात माणसं लपवली असतील तर?” कर्नलसाहेबांचा हुकमी पत्ता.

तर त्यांनी नियम मोडला. पण समोरच्यानं मोडला म्हणून आपली खबरदारीची जबाबदारी संपत नाही, असं कायदा स्पष्ट सांगतो. रुग्णालयाचं संरक्षण जातं ते तिथून लढाईचं काम चालत असेल तरच, आणि तेव्हाही आधी इशारा द्यायचा, वाजवी मुदत द्यायची, ती न पाळली तरच मारा. आणि आत शत्रूचे जखमी सैनिक उपचार घेत असतील, तर तेवढ्यानं संरक्षण जात नाही. रुग्णालय असतंच कशासाठी?

तिसरा नियम माझ्या आवडीचा, कारण तो आमच्या अपघात कोर्टाच्या भाषेत बोलतो. खबरदारी. राज्याभिषेकाच्या सुमाराचं शिवाजी महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणजवळच्या पागेवरच्या अंमलदारांना लिहिलेलं. रयतेकडून जबरदस्तीनं काही घेऊ नका, एवढंच त्यात असतं तर ते नेहमीचं राजाज्ञापत्र झालं असतं. पण त्यात चुलींचा आणि दिव्यांचा विषय आहे. रात्री दिवा तसाच ठेवाल, उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, आणि मग घोडी मेली तर ते तुमच्यामुळेच. आता बघा, आग लावणारा उंदीर आहे. हेतू शून्य. तरी महाराज आधीच सांगून ठेवतात की उंदीर हा बचाव चालणार नाही, कारण उंदीर वात नेतो हे सगळ्यांना माहीत असतं. धोका आधी कळण्यासारखा होता का आणि टाळण्यासारखा होता का, हे दोन प्रश्न शिवाजीनगरच्या कोर्टातही तेच आहेत.

ही भूमिका तयार झाली की काही खऱ्या घटना वाचायला सोप्या जातात.

३ जुलै १९८८. इराणच्या बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं प्रवासी विमान अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेनं पाडलं. २९० जण गेले, त्यांत १० भारतीय होते. नौकेवरच्यांना ते आपल्या दिशेनं खाली झेपावणारं लढाऊ विमान वाटलं. नौकेच्याच यंत्रणेच्या नोंदी नंतर तपासल्या तर विमान वर चढत होतं, ठरलेल्या नागरी मार्गावर होतं आणि नागरी विमानाचा ओळखसंकेत देत होतं. म्हणजे जगातलं त्या काळचं सर्वांत भारी यंत्र बरोबर सांगत होतं आणि माणसं चुकीचं वाचत होती. त्याच वेळी नौकेची इराणी बोटींशी चकमक सुरू होती; हल्ला होणार अशी मनाची तयारी झाली की पडद्यावरही हल्लाच दिसतो. अमेरिकेनं खेद व्यक्त केला. १९९६ मध्ये मृतांच्या कुटुंबांना ६ कोटी १८ लाख डॉलर द्यायचं ठरलं, पण जबाबदारी मान्य न करता. नौकेच्या कप्तानाला त्या कार्यकाळातल्या सेवेबद्दल पुढं पदकही मिळालं. इराणसाठी ती आजही भळभळती जखम आहे. आणि बरोबर त्याच इराणनं ८ जानेवारी २०२० ला तेहरानवरून उडालेलं युक्रेनचं प्रवासी विमान क्षेपणास्त्रानं पाडलं, १७६ माणसं मारली, तीन दिवस नाकारलं, आणि मग म्हटलं की मानवी चूक झाली. यावर मी काही बोलत नाही.

इथं कर्नलसाहेब म्हणाले की हे दोन्ही बघा, चूकच होती की नाही? होती. मी तरी नौकेवरच्यांनी जाणूनबुजून प्रवासी मारले असं म्हणणार नाही. पण ‘चूक’ हा शब्द वापरून झाला की लोक फाईल बंद करतात. आमच्या कोर्टात फाईल तिथं उघडते.

उलट टोकाची घटना घ्या. १६ मार्च १९६८, व्हिएतनाममधलं माय लाय. अमेरिकी सैनिकांच्या तुकडीनं एका सकाळीत शेकडो नि:शस्त्र गावकरी मारले, बायका, म्हातारे, तान्ही मुलं. व्हिएतनामच्या नोंदीप्रमाणे ५०४. माझ्या विषयासाठी महत्त्वाचं आहे ते त्यानंतरचं. लष्करानं आधी जाहीर केलं की लढाईत १२८ शत्रू मारले, आणि अंतर्गत अहवालात नोंद झाली की वीसेक नागरिक तोफांच्या आणि दोन्हीकडच्या गोळीबारात अनवधानानं मेले. अपघात! पण १२८ मारल्याच्या त्या बातमीसोबत हाती लागलेल्या बंदुका होत्या तीन. एखादा हिशेबनीस असता तर तिथंच थांबला असता. सव्वाशे लढवय्ये आणि तीन बंदुका? प्रकरण बाहेर यायला वर्षाहून अधिक काळ गेला. शेवटी दोषी ठरला एकच लेफ्टनंट, किमान २२ खुनांसाठी. जन्मठेप झाली आणि तीनेक वर्षांत, तीही बहुतेक नजरकैदेत काढून, तो सुटला. त्या सकाळी वरून हे पाहणाऱ्या ह्यू थॉम्पसन नावाच्या हेलिकॉप्टर वैमानिकानं आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मध्ये उतरवलं होतं. तिथं हजर असलेल्या एका माणसाला तरी हे अपघातासारखं दिसलं नव्हतं.

ही दोन टोकं. खरी पंचाईत मधल्या पट्ट्यात आहे, आणि तिथली मला सर्वांत जास्त छळणारी घटना अफगाणिस्तानातल्या कुंदुझची.

३ ऑक्टोबर २०१५, मध्यरात्रीनंतर दोन वाजून गेलेले. डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेचं रुग्णालय. शहरात लढाई सुरू होती म्हणून संघटनेनं चारच दिवस आधी रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश अमेरिकी आणि अफगाण लष्कराला पुन्हा कळवले होते. त्या रात्री एका अमेरिकी तोफधारी विमानाला काही शे मीटर पलीकडची, तालिबानच्या ताब्यातली सरकारी इमारत मारायची होती. विमान घाईत उडालं होतं. जिथं मारायचं नाही अशा ठिकाणांची यादी विमानात उतरवलेली नव्हती. दिलेले आकडे टाकले तर यंत्र मोकळं शेत दाखवू लागलं. मग वर्णनावरून इमारत शोधली आणि मिळतीजुळती दिसली ती रुग्णालयाची. गोळीबाराच्या साधारण मिनिटभर आधी विमानानं बग्रामच्या मुख्यालयाला कळवलं की आम्ही अमुक आकड्यांवर मारा करतोय. ते आकडे रुग्णालयाचे होते. मुख्यालयाकडे ती यादी होती. कुणी जुळवून पाहिलं नाही. मारा सुरू झाल्यावर रुग्णालयातून फोन गेले, तरी तो लष्कराच्याच हिशेबानं अर्धा तास चालला. संघटनेच्या मते तासभर. ४२ जण गेले: रुग्ण, त्यांच्यासोबतचे नातेवाईक, डॉक्टर, परिचारिका.

वर्षाच्या आत लष्करी चौकशीचा निकाल आला. १६ जणांवर प्रशासकीय कारवाई, म्हणजे कुणाला ताकीद, कुणाची बदली. फौजदारी खटला एकावरही नाही. कारण दिलं गेलं ते असं की हा युद्धगुन्हा नाही, कारण हेतू नव्हता. मारणाऱ्यांना ते रुग्णालय आहे हे माहीतच नव्हतं. मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी सहा हजार डॉलर सांत्वनापोटी देऊ केले गेले. भरपाईचे आकडे मांडण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळं हा आकडा वाचून मी थोडा वेळ गप्प बसले होते.

आता कुंदुझ अपघात होता का? आपल्या कलम १८ ला विचारा. पुरेशी काळजी? यादी नाही, आकडे जुळत नाहीत, शंका आलेली, तरी मारा. हयगयीनं, अविचारानं, परिस्थितीकडे दुर्लक्ष करून. आमच्या फिर्यादीतलं वाक्य जसंच्या तसं बसतं. पुण्याच्या रस्त्यावर एवढ्या चुका करून एखाद्यानं एक माणूस मारला असता तर कलम १०६ निदान लागलं असतंच.

मग युद्धात का लागत नाही? याचं उत्तर फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून जरा सावकाश सांगते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा कायदा, म्हणजे १९९८ चा रोम करार, नागरिकांवरच्या हल्ल्याला युद्धगुन्हा म्हणतो तो हल्ला हेतुपुरस्सर असेल तरच. अवाजवी नुकसानीबद्दलही शिक्षा आहे, पण नुकसान ‘उघडउघड’ अवाजवी हवं आणि ते तसं होणार हे मारणाऱ्याला आधी माहीत हवं. नुसती हयगय या करारात जवळपास कुठं बसतच नाही. युगोस्लाव्हियाच्या युद्धासाठी नेमलेल्या न्यायालयानं जरा पुढचं पाऊल टाकलं होतं. सारायेव्हो शहराला वेढा घालणारा सर्ब सेनापती स्तानिस्लाव गालिच याच्या खटल्यात त्यांनी म्हटलं की धोका समोर दिसत असून ‘होईल ते होवो’ म्हणून मारा करणं हेदेखील जाणूनबुजूनच. पण साधी हयगय तिथंही सुटलीच. गालिचला पकडलं ते एका तोफगोळ्यानं नव्हे. बाजारावर पडलेला एक गोळा चुकीचा असू शकतो. तेवीस महिने पाण्याच्या रांगेतल्या, ट्राममधल्या, अंत्ययात्रेतल्या माणसांवर नेम धरला जात राहतो तेव्हा ती चूक राहत नाही. आमच्या स्वारगेटच्या बसचाच न्याय. अपिलात त्याला जन्मठेप झाली.

म्हणजे मनाई आणि शिक्षा यांच्यामध्ये एक मोठी दरी आहे. खबरदारी न घेता मारा करायला युद्धाचा कायदा मनाई करतो. ती मोडली तर देशाची जबाबदारी येते, भरपाईचा प्रश्न येतो. पण त्या विमानातल्या किंवा मुख्यालयातल्या माणसाला तुरुंगात टाकायला वेगळं, चढं माप लागतं. ‘युद्धगुन्हा सिद्ध झाला नाही’ हे वाक्य म्हणून फार जपून वाचावं. त्याचा अर्थ ‘अपघात होता’ असा नाही, आणि ‘सगळं नियमानं झालं’ असा तर मुळीच नाही. सरकारी प्रवक्ते पहिलं वाक्य बोलतात आणि आपण तिसरं ऐकतो.

भाचीनं विचारलं, “पण मावशी, हयगयीला पण शिक्षा करा ना सरळ. अडलंय कुठं?” तिच्या वयाला साजेसा प्रश्न. अडलंय ते दोन ठिकाणी. एक खरं कारण: धुरात, भीतीत, दोन सेकंदांत घेतलेल्या निर्णयाला एअरकंडिशन खोलीत बसून हयगय म्हणणं सोपं असतं, आणि प्रत्येक चुकीला तुरुंग असेल तर चुका कबूल होणंच बंद होईल. दुसरं कारण असं की कायदा लिहायला जे देश बसतात त्यांचीच विमानं आकाशात असतात. पहिल्या कारणाला माझी अर्धी मान्यता आहे. पण कुंदुझला धूर आणि दोन सेकंद नव्हते, घाई आणि ढिसाळपणा होता. काबूलला २९ ऑगस्ट २०२१ ला ड्रोननं एका पांढऱ्या मोटारीवर क्षेपणास्त्र टाकलं, तेव्हा तर तिचा आठ तास पाठलाग झाला होता. गाडीत भरले जाणारे पाण्याचे डबे स्फोटकं म्हणून वाचले गेले. दहा माणसं गेली, त्यांत सात मुलं. आधी सांगितलं की हल्ला योग्यच होता, पत्रकारांनी माग काढल्यावर तीन आठवड्यांच्या आत सांगितलं की भयंकर चूक झाली. शिक्षा कुणालाही नाही. पाहायचं ठरवलेलंच दिसतं, हा व्हिन्सेन्सचा धडा तेहतीस वर्षांनी पुन्हा.

इथवर भाऊसाहेब खूश होते. अमेरिकेला नावं ठेवणं टपरीवर फार सोपं असतं. म्हणून मी ओटिंग काढलं. नागालँडमध्ये ४ डिसेंबर २०२१ ला खाणीतून घरी परतणाऱ्या कामगारांच्या गाडीवर आपल्या लष्कराच्या विशेष पथकानं गोळीबार केला. ते आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीतले धरून १४ नागरिक गेले. ते युद्ध नव्हतं, त्यामुळं वरचे सगळे नियम तिथं जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे मान्य. पण प्रश्न तोच. संसदेत सांगितलं गेलं की ओळख पटवण्यात चूक झाली. नागालँड पोलिसांच्या विशेष पथकानं तपास करून ३० जवानांवर आरोपपत्र ठेवलं. तिथल्या विशेषाधिकार कायद्याखाली खटला चालवायला केंद्राची परवानगी लागते, ती नाकारली गेली, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कार्यवाही थांबली. म्हणजे चूक होती की गुन्हा होता हे कुठल्याही कोर्टानं ठरवलंच नाही. निर्दोष सुटणं निराळं आणि खटला उभाच न राहणं निराळं. कर्नलसाहेब कपात बघत राहिले. त्यांना मी दोष देत नाही. स्वतःच्या गणवेशाबद्दल असं ऐकणं जड जातं.

यानंतर जेव्हा अशी बातमी येते तेव्हा मी मृतांचा आकडा वाचून दुःख करते, पण निवाड्यासाठी तिकडे बघत नाही. मी वेळ बघते. दिवस होता की रात्र. मारणाऱ्याकडे थांबून पाहायला किती अवधी होता. तो त्याच जागी पुन्हा मारतो आहे का, पहिल्या फोननंतरही मारतो आहे का. पहिलं निवेदन आणि तिसरं निवेदन यांत काय बदललं, आणि बदल स्वतःहून झाला की कुणी चित्रफीत दाखवल्यावर. चौकशी कुणी केली. ज्या खात्यानं मारलं त्याच खात्यानं केली असेल तर तिचा अहवाल मी प्रतिवादीच्या कैफियतीसारखा वाचते. कैफियत नेहमीच खोटी नसते, पण ती एका पक्षाची असते.

आमचं बोलणं त्या दिवशी तिथंच तुटलं, ऊन वाढलं होतं. पुढच्या रविवारी कर्नलसाहेब चढण चढताना एरवी बोलत नाहीत, ते मध्येच थांबले. तोफखान्यात आकडे आले की ते मोठ्यानं परत म्हणून दाखवायचे असतात, समोरच्यानं हो म्हणेपर्यंत दोरी ओढायची नाही, असं त्यांनी सांगितलं. नवीन असताना त्यांना त्याचा फार कंटाळा यायचा.

मग म्हणाले, “ते बग्रामचं एक मिनिट. विमानानं आकडे सांगितले, तेव्हा पलीकडे फोनवर कुणीतरी होतं ना? त्यानं ते परत म्हणून दाखवले का?”

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

“नाही, मी विचार करत होतो,” ते म्हणाले, “त्याच्या टेबलावर ती यादी कुठं ठेवलेली होती.”